सापडलेल्या चित्रणाचा उत्तरार्ध : ‘रेक २’ ह्या स्पॅनिश भयपटाचे गुणदोष

भयकथेला आपल्या समीक्षेने बहुधा उंबरठ्याबाहेरच उभे केले आहे. त्यातून भयपट, आणि तोही एखाद्या यशस्वी भयपटाचा दुसरा भाग, म्हटला की त्याची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु कलेच्या काही मूलभूत समस्या थोर कृतींपेक्षा मध्यम कृतींत अधिक उघडपणे दिसतात. थोर कृतीत सांधे दिसत नाहीत. मध्यम कृतीत ते दिसतात, आणि म्हणूनच तेथे रचनेचा अभ्यास करता येतो. जाउमे बालागेरो आणि पाको प्लासा ह्या दोन दिग्दर्शकांनी मिळून निर्माण केलेला ‘रेक २’ (२००९) हा स्पॅनिश चित्रपट अशा अभ्यासास फार सोयीचा आहे. साक्ष म्हणजे काय, आणि साक्षीदाराला किती माहीत असावे, हा त्यातील खरा प्रश्न आहे. तो प्रश्न कादंबरीकाराचा, इतिहासकाराचा आणि भाषांतरकाराचाही आहे.

‘फाउंड फूटेज’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपट-प्रकाराला आपण ‘सापडलेले चित्रण’ म्हणू. त्यातील संकेत साधा आहे : पडद्यावर जे दिसते ते कोणा दिग्दर्शकाने रचलेले नसून प्रसंगात सापडलेल्या माणसांनी स्वतःच टिपलेले आहे, ती माणसे बहुधा मेली, आणि चित्रण मागे उरले. रुज्जेरो देओदातो ह्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९८० मधील ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ ह्या चित्रपटात हा संकेत ठळकपणे आला, १९९९ मधील ‘द ब्लेअर विच प्रॉजेक्ट’ने तो जगभर रूढ केला, आणि ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या यशानंतर त्याची एक लाटच आली.

तथापि ह्या संकेताला केवळ कॅमेऱ्याचे अपत्य समजणे चुकीचे ठरेल. तो वाङ्मयातूनच चित्रपटात गेला आहे. होरेस वॉल्पोलची ‘द कासल ऑफ ओट्रॅन्टो’ ही कादंबरी १७६४ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर आहे, अशी बतावणी तिच्या पहिल्या आवृत्तीत केलेली होती. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) रोजनिशा, पत्रे, तारा आणि ध्वनिमुद्रित टिपणे ह्यांच्या संग्रहाच्या रूपाने सांगितलेली आहे. म्हणजे त्या काळची अगदी नवी यंत्रे तिने अतिजुन्या भुताच्या साक्षीला उभी केली. आणि ह्या साऱ्यांच्या आधी, स्पेनच्याच भूमीत, सेर्व्हान्तेसने ‘दोन किहोते’च्या १६०५ मधील पहिल्या भागात टोलेडोच्या बाजारात सापडलेल्या अरबी बाडांची आणि ती भाषांतरित करून घेतल्याची कथा रचून ठेविली होती. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ह्या परंपरेविषयी एक खास जिव्हाळा वाटतो. कारण तिच्यात कथेच्या खरेपणाची जामीनकी अनेकदा भाषांतरकारानेच घेतलेली आहे, आणि बहुधा तो जामीनच बनावट आहे!

मराठी वाचकाला हा प्रश्न दुसऱ्या एका वाटेने परिचित आहे. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागद आणि बखर ह्यांतील भेद आपल्या विचारात रुजला. अस्सल पत्र लिहिणाऱ्याला उद्याची गोष्ट माहीत नसते. तो आजच्या धामधुमीत, अपुऱ्या माहितीवर, कधी चुकीचेही लिहितो, आणि त्याचे हे अज्ञानच त्याच्या खरेपणाची खूण असते. बखरकाराला मात्र शेवट ठाऊक असतो. म्हणून तो कारणे जोडतो, शकुन घालतो, पात्रांच्या तोंडी भाषणे देतो. सापडलेल्या चित्रणाचा भयपट आपले सर्व बळ अस्सल कागदापासून घेतो. त्याचा दुसरा भाग निघाला की तो बखरीकडे सरकू लागतो. ‘रेक २’चे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष ह्या एका विधानात सामावले आहेत.

पहिला ‘रेक’ (२००७) असा आहे. रात्रपाळीच्या लोकांवरील एका दूरदर्शन-कार्यक्रमाची निवेदिका आन्हेला विदाल आपल्या कॅमेरावाल्यासह बार्सेलोनाच्या अग्निशामक दलाबरोबर एका इमारतीत जाते. वरच्या मजल्यावरील एक म्हातारी बेफाम झालेली असते. ती चावा घेते. चावलेली माणसे तशीच होतात. आणि सरकारी यंत्रणा बाहेरून इमारतीला टाळे ठोकते. शेवटी सर्वांत वरच्या बंद घरात आन्हेला आणि तिचा सोबती पोचतात. भिंतीवरील कात्रणांतून आणि एका ध्वनिफितीतून आपणांस अंधुक कळते की, हा केवळ रोग नसून मेदेइरोस नावाच्या एका पोर्तुगीज मुलीच्या अंगी भरलेल्या पिशाचाशी त्याचा संबंध आहे. दिवे जातात, कॅमेऱ्याच्या रात्रदृष्टीत एक कृश आकृती हिंडताना दिसते, आणि आन्हेला अंधारात ओढली जाते. येथे चित्रपट संपतो. खुलासा हाती येता येताच निसटतो.

अभिनवगुप्ताने रसविघ्नांची गणना करताना संभाव्यतेच्या अभावाला पहिले स्थान दिले आहे. जे घडू शकेल असे मनाला वाटतच नाही त्यात चित्त स्थिरावत नाही. भुताची गोष्ट ह्या विघ्नाने मुळातच ग्रासलेली असते. सापडलेल्या चित्रणाचा संकेत हे विघ्न दूर करण्यासाठीच योजिलेला आहे. हलणारा कॅमेरा, तुटणारा आवाज, अर्धवट चौकट ह्या उणिवा प्रेक्षकाला सांगतात की, रचणाऱ्याने रचले असते तर ते असे वेडेवाकडे झाले नसते. पण त्याच आचार्याने दुसरेही एक विघ्न सांगितले आहे : विशिष्ट देशकालाच्या आणि स्व-परभावाच्या बंधनात मन अडकणे. हा चित्रपट-प्रकार पहिले विघ्न टाळण्यासाठी दुसऱ्याला आमंत्रण देतो. ‘हे अमुक रात्री, अमुक इमारतीत, अमुक माणसांना खरोखर झाले’ असे तो इतक्या हट्टाने सांगतो की, भय साधारणीकृत होऊन रस बनण्याऐवजी पुष्कळदा नुसता दचका होऊन राहते. पहिल्या ‘रेक’ने हा तोल सांभाळला होता. दुसऱ्या भागाला तो नव्याने सांभाळावयाचा होता, आणि तोही प्रेक्षकाला बरेचसे ठाऊक झाल्यानंतर.

‘रेक २’ची कथा पहिला भाग संपतो तेथूनच, त्याच रात्री सुरू होते. पोलिसांचे एक सशस्त्र खास पथक आरोग्यखात्याच्या ओवेन नावाच्या अधिकाऱ्यासह इमारतीत शिरते. लवकरच उघड होते की, ओवेन हा अधिकारी नसून धर्मपीठाने धाडलेला पाद्री आहे, आणि मेदेइरोसच्या रक्ताचा नमुना हाती घेतल्यावाचून तो कोणालाही बाहेर जाऊ देणार नाही. बाहेर पडण्याचा हुकूम केवळ त्याच्या आवाजातच देता येतो. मध्यावर कथा मागे जाते : काही पोरे आपला कॅमेरा घेऊन गटारमार्गाने त्याच इमारतीत शिरतात आणि अडकतात. अखेरीस आन्हेला जिवंत भेटते. पण ती आता आन्हेला राहिलेली नसते.

प्रथम गुणांचा विचार करू. पहिला गुण हा की, चित्रण का चालू आहे ह्या प्रश्नाला ह्या चित्रपटाने नीट उत्तर दिले आहे. ह्या प्रकारातील बहुसंख्य कृती येथेच पडतात. मृत्यू समोर उभा असताना माणूस कॅमेरा टाकून पळत का नाही, हे त्यांना सांगता येत नाही. पहिल्या भागात वार्ताहराची व्यावसायिक जिद्द हे उत्तर होते. येथे पुरावा गोळा करणे हाच कामगिरीचा भाग आहे. पथकातील कॅमेराधारी शिपाई चित्रण करतो तो हुकुमाने, आणि इतरांच्या शिरस्त्राणांवरही छोटे कॅमेरे बसविलेले आहेत. ह्या शिरस्त्राणांतून दृष्टिकोनाचा एक नवा प्रकार निष्पन्न होतो. पथकातील एकजण स्नानगृहात कोंडला जातो आणि स्वतःचा शेवट स्वतःच करतो, तो प्रसंग त्याच्याच कपाळावरील डोळ्याने आपण पाहतो. प्रथमपुरुषी निवेदनाची मर्यादा येथे अक्षरशः निवेदकाच्या डोक्याएवढी होते.

दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. मेदेइरोसच्या घरातील काही गोष्टी उजेडात अस्तित्वातच नसतात. दिवे मालवून कॅमेऱ्याच्या रात्रदृष्टीने पाहिले तरच त्या दिसतात. रात्रदृष्टी ही पहिल्या भागात एक सोय होती. येथे ती आशयाचे अंग बनली आहे. प्रकाश म्हणजे ज्ञान आणि अंधार म्हणजे अज्ञान हे समीकरण बहुतेक भयकथा निमूटपणे स्वीकारतात आणि दिवा लागला की भूत पळविते करतात. ह्या चित्रपटाने ते उलटे केले. विजेरी येथे आंधळी आहे. यंत्र हे दृश्याचे केवळ वाहन न राहता त्या दृश्याची अटच बनते, आणि पाहणाऱ्याला कॅमेरा खाली ठेवण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही. संकेत आणि आशय ह्यांची इतकी घट्ट गाठ ह्या प्रकारात क्वचितच पडली असेल.

तिसरा गुण चित्रपटाच्या शेवटात आहे. आन्हेलाच्या अंगातील पिशाच ओवेनकडे सुटकेचा हुकूम मागते. तो नकार देतो. तेव्हा ते त्याला ठार करते आणि त्याच्याच आवाजात बाहेरच्या लोकांना सांगते की, कामगिरी संपली, एक स्त्री वाचली आहे, ती बाहेर येत आहे. आवाज ओळखून दार उघडणारी यंत्रणा त्या आवाजाला फसते. नाट्यशास्त्रात भयानक रसाच्या विभावांत विकृत ध्वनी, भूतपिशाचांचे दर्शन आणि ओसाड घर ह्यांची गणना आहे. येथील ध्वनी मात्र विकृत नाही, तो हुबेहूब आहे, आणि त्याची भयानकता त्या हुबेहूबपणातच आहे. जो चित्रपट दीड तासभर आपणांस म्हणत राहिला की यंत्राने टिपले आहे म्हणून विश्वास ठेवा, तोच अखेरीस दाखवितो की यंत्रातून आलेल्या साक्षीची नक्कल होऊ शकते. २००९ साली ही कल्पना पिशाचकथेतील होती. आज यंत्रे कोणाचाही आवाज उचलून हवे ते वदवू शकतात, तेव्हा तिच्याकडे कल्पना म्हणून पाहणे कठीण झाले आहे. दुसऱ्याच्या आवाजात बोलणे हाच ज्याचा धंदा त्या भाषांतरकाराला तर हे दृश्य पाहताना थोडे अपराधी वाटल्यावाचून राहत नाही. मूळ लेखक बोलेनासा झाल्यावर त्याच्या नावाने दार उघडून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न आपण स्वतःला किती वेळा विचारतो?

आता दोष. पहिला आणि सर्वांत गंभीर दोष स्पष्टीकरणाचा आहे. पहिल्या भागात मेदेइरोसची कथा भिंतीवरील चिटोऱ्यांतून कळत होती; येथे ओवेन ती तोंडाने सांगतो. रोग आणि पिशाचबाधा ह्यांतील जी संदिग्धता पहिल्या भागाचा प्राण होती, तिचा निकाल पाद्र्याच्या गळपट्टीसरशी लागून जातो. एकदा निकाल लागल्यावर मग पिशाचाला नियम येतात. नियमांबरोबर युक्त्या येतात. आणि युक्त्यांच्या मागोमाग ‘द एक्झॉर्सिस्ट’ने १९७३ साली लोकप्रिय केलेला तो सारा परिचित साज येतो : क्रूस, प्रार्थना, घोगऱ्या आवाजातील ईश्वरनिंदा. बाधित मुलाला खुर्चीशी बांधून ओवेन त्याची उलटतपासणी घेतो तो प्रसंग कौशल्याने घेतलेला असला तरी त्यात भयापेक्षा माहितीच अधिक मिळते. अस्सल कागदाची येथे बखर झाली.

दुसरा दोष रसाच्या मिश्रणाचा आहे. भित्र्या, निःशस्त्र रहिवाशांच्या जागी शस्त्रधारी शिपाई आणल्याने भयाबरोबर उत्साह आला. ‘एलियन’ (१९७९) नंतर ‘एलियन्स’ने (१९८६) हीच वाट घेतली होती, आणि तेथे दिग्दर्शकाने युद्धपटाचा बाज मोकळेपणाने स्वीकारून त्याचा लाभ उठविला. ‘रेक २’ला तो पुरता स्वीकारता येत नाही. जिन्यातील झटापटी, गोळ्या, ओरडाआरड ह्यांत काही काळ चित्रपट संगणकावरील नेमबाजीच्या खेळासारखा दिसू लागतो. बंदूक हातात असलेल्या माणसाचे भय पटवून द्यावयाचे तर बंदुकीचे निरुपयोगी होणे सावकाश दाखवावे लागते. तेवढी सवड येथे नाही.

तिसरा दोष रचनेचा. पोरांचा कॅमेरा आणण्यामागचा हेतू चांगला आहे. एकाच रात्रीची दुसरी साक्ष काढून पहिल्या साक्षीतील रिकाम्या जागा भरणे ही कादंबरीकारांची जुनी आणि उत्तम रीत आहे. परंतु दुसरी साक्ष पहिलीला खोडून काढील किंवा तिचा अर्थ पालटील तरच तिचे प्रयोजन. ही पोरे मुख्यतः बळी पुरविण्यासाठी आलेली वाटतात. त्यांतील दोघांना एका खोलीत कोंडले जाते, आणि मग कथा त्यांना विसरूनच जाते. भयाचा चढता क्रम ऐन मध्यावर मोडून त्याच्या बदल्यात इतके थोडे मिळावे, हा सौदा तोट्याचा आहे.

चौथा दोष सूक्ष्म, पण तात्त्विक आहे. अगदी शेवटी आपणांस त्याच रात्रीचे आधीचे चित्रण पुन्हा दाखविले जाते आणि मेदेइरोसच्या मुखातून आन्हेलाच्या मुखात एक किड्यासारखी वस्तू गेल्याचे कळते. प्रश्न असा की, हे चित्रण नेमक्या ह्याच क्षणी आपल्यापुढे कोणी ठेविले? सापडलेल्या चित्रणाला सापडणारा हवा, आणि त्याने ते जसे सापडले तसे दाखविले पाहिजे. योग्य वेळी मागचा तुकडा काढून रहस्य उलगडणारा हात दिग्दर्शकाचा असतो. ज्याच्या अनुपस्थितीवर सारी इमारत उभी होती तोच शेवटच्या मिनिटाला पडद्यामागून डोकावतो. शिवाय आवाजाची चोरी एवढीच साक्ष पुरेशी होती. किड्याची जोड देऊन तिला पुन्हा नियमात बसविण्याची गरज नव्हती.

ह्या गुणदोषांना एक प्रादेशिक संदर्भही आहे. फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे १९७५ पर्यंत, कॅथलिक धर्मसत्ता आणि राजसत्ता स्पेनमध्ये हातात हात घालून चालत होत्या. १९७८ च्या राज्यघटनेने कोणत्याही धर्माला राजधर्माचे स्थान ठेविले नाही. आरोग्यखात्याच्या अधिकाऱ्याच्या वेषाखालून पाद्री निघणे, आणि त्याच्या शब्दावाचून नागरिकांना दार न उघडणे, ही घटना त्या देशातील प्रेक्षकाला केवळ कथेतील कलाटणी वाटली नसावी. ‘रेक’चे २००८ मध्ये ‘क्वारंटाइन’ ह्या नावाने अमेरिकन रूपांतर झाले. प्रसंगामागून प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा घेऊनही त्याने पिशाचबाधा वगळली आणि तिच्या जागी प्रयोगशाळेतील रोगजंतू ठेविला. शब्दशः भाषांतर करूनही अर्थ कसा सांडतो ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. ‘रेक २’ने पिशाचाला जो अतिरिक्त खुलासा जोडला तो कलेच्या दृष्टीने चूक असला, तरी आपल्या मातीतील भीती कोणती हे त्याला ठाऊक होते.

पुढे काय झाले तेही उद्बोधक आहे. ‘रेक ३’ (२०१२) लग्नाच्या चित्रीकरणाने सुरू होतो आणि काही वेळातच हा संकेत टाकून साध्या कथनावर येतो. ‘रेक ४’ने (२०१४) तो सोडूनच दिला. अमेरिकन मालिकेनेही ‘क्वारंटाइन २’मध्ये (२०११) तेच केले, आणि ‘ब्लेअर विच’च्या २००० मधील दुसऱ्या भागाने त्याआधीच ही वाट धरली होती. आपल्याकडील ‘रागिनी एमएमएस’ (२०११) ह्या हिंदी चित्रपटातील पिशाच मराठी बोलते, हे आपल्या दृष्टीने लक्षणीय. परंतु त्याच्या २०१४ मधील दुसऱ्या भागानेही टिपलेल्या चित्रणाचा संकेत सोडून नेहमीच्या पटाची वाट धरली. इतक्या ठिकाणी एकच गोष्ट घडावी हा योगायोग नव्हे. अज्ञानावर आधारलेला कथनप्रकार पुनरावृत्तीत ज्ञान साठवीत जातो, आणि ते ज्ञान पुरेसे साठले की अज्ञानी साक्षीदाराचे सोंग घेणे त्याला शक्य होत नाही. ‘रेक २’चे वैशिष्ट्य हे की, त्याने संकेत सोडला नाही, त्याने त्याची परीक्षा घेतली.

सेर्व्हान्तेसलाही उत्तरार्धाचा प्रश्न पडला होता. १६१४ साली कोणी आव्हेयानेदा ह्या टोपणनावाने ‘दोन किहोते’चा बनावट दुसरा भाग छापला. १६१५ मध्ये सेर्व्हान्तेसने आपला खरा दुसरा भाग काढला, आणि त्यातील पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे, इतकेच नव्हे तर तो बनावट ग्रंथही त्यांच्या कानी आला आहे, अशी योजना केली. वाचकाला जे ठाऊक झाले आहे ते लपविण्यापेक्षा त्यालाच कथेचा विषय करावे, हा त्याने घालून दिलेला धडा. ‘रेक २’ जेथे खुलासे देत बसतो तेथे तो हा धडा विसरलेला दिसतो. जेथे तो ओवेनचा आवाज चोरीला जाऊ देतो तेथे त्याला तो पुरता आठवलेला असतो. त्या एका दृश्यासाठी त्यातील कोंडलेली पोरे, क्रूस आणि किडा प्रस्तुत लेखक पत्करावयास तयार आहे.